समुद्रघोडे पाळताय? आपापले अनुभव लिहा

मागे खाऱ्या पाण्याच्या टँकवर गप्पा चालल्या होत्या, तेव्हा तिघाचौघांनी ‘आमच्याकडे समुद्रघोडे आहेत’ असं ओझरतं सांगितलं आणि विषय तिथेच राहिला. म्हणून हा धागा. काय चुकलं ते आधी लिहा, कौतुक नंतर.

भारतातल्या मंडळींसाठी एक गोष्ट सुरुवातीलाच. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समुद्रघोडे २००१ साली घातले गेले. पकडणं, विकणं, घरी ठेवणं, सगळंच गुन्हा. तेव्हा ‘पुण्यात कुठे मिळतील’ हा प्रश्न इथे नको. बाहेर राहणाऱ्यांनीसुद्धा टँकमध्ये जन्मलेलेच घ्यावेत. समुद्रातून पकडलेला घोडा रोग घेऊन येतो आणि गोठवलेल्या खाण्याकडे बघतही नाही.

न्यू जर्सीहून (धागाकर्ती)

माझ्याकडे चार वर्षं एक जोडी आहे, हिप्पोकॅम्पस इरेक्टस जातीची. पहिल्याच थंडीत नराच्या शेपटीवर आतल्या बाजूने पांढुरका चट्टा दिसला. बुरशी समजून मी दोन दिवस औषधं शोधत बसले. तिसऱ्या दिवशी पहाटे पाणी प्यायला उठले, तर महाशय हीटरला शेपटीचे दोन वेढे घालून गाढ झोपलेले! चटका बसतोय म्हणून पकड सोडावी, एवढं यांना सुचत नाही. हीटर त्याच दिवशी खालच्या सम्पमध्ये, म्हणजे टँकला जोडलेल्या वेगळ्या टाकीत, हलवला. चट्टा भरायला महिना लागला.

टँक मात्र पहिल्यापासून उंच घेतला होता, ५० सेंटिमीटर, साधारण ११५ लिटरचा. जोडी जमते तेव्हा दोघं शेपट्या गुंफून सरळ वर वर जातात आणि मादी नराच्या पिशवीत अंडी सोडते. बुटक्या टँकमध्ये त्यांना वर जायला जागाच पुरत नाही आणि अंडी खाली सांडतात.

ह्यूस्टनहून

हीटर? आमच्याकडे प्रश्न उलटा आहे. मे ते सप्टेंबर टँक थंड कसा ठेवायचा, हेच कोडं. मी आधी प्रवाळांचा टँक ठेवायचो, २६ अंशांवर. त्याच हिशेबाने घोडे ठेवले आणि पहिल्या उन्हाळ्यात दोन गेले. एकाचं तोंड पांढरं पडून झडायला लागलं होतं. अनुभवी लोकांनी सांगितलं की व्हिब्रिओ नावाचे जिवाणू खाऱ्या पाण्यात असतातच, ऊब मिळाली की फोफावतात. प्रवाळांच्या टँकमधल्या चपळ माशांना २६ अंश चालतात, घोड्यांना नाही. आता पाणी २१ ते २३ अंशांत असतं.

चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, महाग, म्हणून मी आधी पाण्याच्या पृष्ठभागावर साधा टेबलफॅन लावला. दोनतीन अंश उतरतात. पण पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणून रोज गोडं आरओचं पाणी घालावं लागतं. मी एकदा घाईत खारं घातलं. क्षारता मोजल्यावर जे दिसलं त्याने माझीच शुद्ध हरपली असती.

सॅन होजेहून

खाण्याबद्दल लिहिते. या प्राण्याला दात नाहीत आणि जठरही नाही. खाल्लेलं भराभर पुढे सरकतं, त्यामुळे एकदा पोटभर घालून मोकळं झालो असं होत नाही. दिवसातून किमान दोनदा, शक्यतो तीनदा. मी गोठवलेली मायसिस कोळंबी वितळवून, गाळणीत धुऊन देते. एक मोठा शिंपला टँकच्या कोपऱ्यात ठेवलाय, काचेच्या नळीतून खाणं त्यातच सोडते. आठवड्याभरात त्यांना जागा कळली. आता मी नळी हातात घेतली की दोघं शिंपल्याशी येऊन उभे, पंगतीत बसल्यासारखे. डोळे वेगवेगळे फिरतात, मान किंचित झुकते आणि ‘टक्’. खरंच आवाज येतो. खोली शांत असेल तर सोफ्यावर बसून मोजता येतं कोणी किती खाल्लं.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. आम्ही दोघं कामावर, म्हणून दुपारचं खाणं त्यांच्याकडे दिलं. त्यांच्या मते घोडे वाळलेले दिसत होते. मग काय, आग्रह! ‘अगं, अजून एक घास घेतील.’ उरलेली कोळंबी दगडांमागे कुजली आणि चौथ्या दिवशी अमोनिया दिसला. पाणी बदललं, घोडे वाचले. सासूबाईंना मी काही बोलले नाही, फक्त बर्फाच्या ट्रेमध्ये एकेक वेळचं खाणं मोजून ठेवलं. अर्ध्या तासाने उरलेलं ओढून काढायचं, हे काम मात्र त्यांनी माझ्यापेक्षा नेटाने केलं.

लंडनहून

आमचा नर एका सकाळी पृष्ठभागावर तरंगत होता, शेपूट वर, डोकं खाली. शेवाळाच्या फांदीला शेपूट अडकवायचा, फांदीसकट वर खेचला जायचा, सुटायचा, पुन्हा खाली यायची धडपड. पिशवी फुग्यासारखी ताणलेली. आधी वाटलं पिल्लं आहेत, पण मादी आमच्याकडे नाहीच! पिशवीत वायू साठला होता.

माशांचं बघणारी पशुवैद्य शोधायलाच दोन दिवस गेले. तिने बारीक नळीने पिशवीतला वायू काढला आणि ॲसिटाझोलामाइड लिहून दिलं. नाव ओळखीचं वाटलं, कारण लेह-लडाखला जाताना आम्ही हेच घेतलं होतं, डायमॉक्स. डोस इथे लिहीत नाही, ज्याने त्याने डॉक्टरला विचारून घ्यावा. पंधरा दिवसांनी पुन्हा तोच प्रकार झाला. मग पाणी दोन अंश थंड केलं, नायट्रेट खाली आणलं. त्यानंतर वर्षभर शांतता आहे.

मेलबर्नहून

आमचे थंड पाण्यातले, पोटाळे, हिप्पोकॅम्पस ॲबडोमिनॅलिस. मोठे होतात, पार ३५ सेंटिमीटरपर्यंत. टास्मानियात ब्यूटी पॉइंटला यांचं फार्म आहे, तिथे शेकडो एकत्र बघून आम्ही वेडे झालो होतो. यांना १८ अंश लागतात, म्हणजे चिलरला पर्याय नाही. जानेवारीत ४१ अंशांच्या दिवशी चिलर बंद पडला. रात्रभर बर्फाच्या बाटल्या टाकत बसलो, एका वेळी एकच, नाहीतर तापमान धाडकन उतरतं. तेव्हापासून फ्रीझरमध्ये सहा बाटल्या कायम असतात आणि आइस्क्रीमला जागा नाही, अशी मुलांची तक्रार.

अटलांटाहून

माझे बुटके, हिप्पोकॅम्पस झोस्टेरी, जेमतेम अडीच सेंटिमीटर. लहान म्हणून सोपे असतील असं वाटलं तर फसाल. रोज आर्टेमियाची, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जीवांची, जिवंत पिल्लं उबवावी लागतात, सुट्टी नाही. त्या पाण्याबरोबर हायड्रॉइड नावाचे बारीक समुद्री जीव शिरले, काचेवर पांढऱ्या धाग्यांसारखे, आणि घोड्यांना डंख मारू लागले. फेनबेंडाझोल, म्हणजे कुत्र्यांचं जंतांचं औषध, घातलं. हायड्रॉइड गेले, घोडे वाचले, पण सगळ्या गोगलगायीही मेल्या. औषध दगडात मुरतं, त्यामुळे कित्येक महिने नवीन गोगलगाय टिकत नव्हती.

टोरांटोहून

पिल्लांबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. नराने पहाटे पिल्लं सोडली. मोजायचा प्रयत्न तीनशेवर सोडून दिला. कामावरून दहा दिवसांची रजा काढली होती. सहा आठवड्यांनी चार उरली. बरीचशी पृष्ठभागावर हवा गिळून तरंगत राहिली आणि गेली. @न्यू जर्सीकर, तुमच्या जोडीची जगली का?

न्यू जर्सीहून

पहिल्या खेपेला एकही नाही. तिसऱ्या खेपेला अकरा.

मुंबईहून

माझा अनुभव अभिमानाचा नाही. १९९८ साल, समुद्रघोडे कायद्यात यायच्या आधीचं. दुकानात काळे समुद्रघोडे दिसले, एक घेतला. दोन फुटी टँक, सोबत दोन क्लाउनफिश. दुकानदार म्हणाला, फ्लेक (माशांचं सुकं खाणं) खातो. फ्लेक पडायच्या आत क्लाउनफिश संपवायचे, आणि हा फांदी धरून बघत बसायचा. पोट रोज थोडं आत जात होतं, मला वाटलं घोड्यांचं पोट असंच असतं. नवव्या दिवशी गेला. सॅन होजेकरांचं ते ‘टक्’ वाचलं आणि लक्षात आलं, मी तो आवाज एकदाही ऐकला नव्हता.

मालवणहून

आमच्याकडे टँक नाही, समुद्रच आहे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली की कधीमधी बांगड्या-तारल्यांत एखादा घोडा येतो. लहानपणी पोरं वाळवून शोकेसमध्ये ठेवायची. आता आमच्या रापणीवर कोणी ठेवत नाही, लगेच सोडतात. पण सोडणं सोपं नसतं. शेपूट जाळ्याच्या दोऱ्याला इतकी घट्ट असते की ओढलं तर तुटेल अशी भीती वाटते. माझे काका ओढत नाहीत. दोरा पाण्यात बुडवून धरतात आणि करंगळी पुढे करतात. थोड्या वेळाने तो दोरा सोडून करंगळीला वेढा घालतो. मग गुडघाभर पाण्यात जाऊन गवत दिसेपर्यंत थांबायचं.