मदत हवी आहे: आईचा दमा आणि हिवाळ्यातली हवा

नमस्कार मंडळी. आम्ही नागपुरात कोराडी रोडला राहतो. आई ६८ वर्षांची, दम्याची जुनी पेशंट. दिवाळीपासून पहाटे फिरून आली की तासभर खोकते, पंपही जास्त वेळा लागतो. उन्हाळ्यात असं होत नाही. हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत साचते आणि वीज केंद्रांचा, गाड्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर खालीच अडकतो, एवढं कळलं. पीएम २.५ म्हणजे हवेतले अगदी बारीक कण, केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिस्स्याएवढे. नाकात न अडकता खोल फुफ्फुसात उतरतात, काही तर रक्तातही. आईला बीपी आहे, म्हणून हृदयाचीही धास्ती वाटते.

या कणांची २४ तासांची मर्यादा आपल्याकडे घनमीटर हवेमागे ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १५. मग ॲपवर पीएम २.५ चा आकडा ५५ मायक्रोग्रॅम दिसला तर तिला बाहेर पाठवू की नको?

उद्या डॉक्टरांकडे नेतोच आहे. पण अनुभव असलेल्यांनी सांगा: एन-९५ मास्क दम्याच्या माणसाला झेपतो का? फिरायची वेळ पहाटेऐवजी दुपारची केली तर फरक पडतो का? हेपा फिल्टरचा (बारीक कण गाळणारा) हवेचा प्युरिफायर १२ बाय १२ च्या खोलीला केवढा घ्यावा? आणि शेजारचे काका रोज सकाळी पाला जाळतात. माणूस फार चांगला आहे हो, त्यांना न दुखावता कसं सांगू?