अब्रामोविच : अनाथाची यशोगाथा की लिलावाची?

निनाद२२ :
एका सदस्याने परवा येथे रशियन अब्जाधीश रोमान अब्रामोविच यांचे चरित्र लिहिले. आईवडिलांविना वाढलेला मुलगा रबरी खेळणी विकता विकता तेलसम्राट आणि लंडनच्या चेल्सी फुटबॉल क्लबचा मालक होतो, असा त्याचा सारांश असून शेवटी तरुणांना उपदेशाचा डोसही आहे. राहवले नाही म्हणून हा स्वतंत्र धागा. बालपणीच आईवडील गेले आणि दूर उत्तरेतल्या उख्ता येथे काकांनी सांभाळले, हे खरेच आहे. पण खेळण्यांपासून तेलविहिरींपर्यंत जाणारा जिना लेखकाने सोयीस्करपणे गाळला आहे. डिसेंबर १९९५ मधील लिलावात सिबनेफ्त या रशियाच्या सरकारी तेलकंपनीचे ५१ टक्के समभाग उद्योगपती बोरिस बेरेझोव्स्की आणि हे महाशय यांच्या गोटाकडे सुमारे १० कोटी डॉलरला गेले आणि २००५ मध्ये त्याच कंपनीच्या सुमारे ७३ टक्क्यांसाठी गाझप्रोम या सरकारी वायू कंपनीने १३ अब्ज डॉलर मोजले. मधल्या दहा वर्षांत तेल काही यांनी जमिनीत ओतले नव्हते.

निळाबावटा :
लिलाव सर्वांसमोर होता. इतरांना कोणी अडवले होते? २००३ मध्ये त्यांनी आधीचे मालक केन बेट्स यांच्याकडून चेल्सी क्लब घेतला तेव्हा तो कर्जात बुडालेला होता आणि आमचे शेवटचे लीग विजेतेपद १९५५ चे होते. दोन वर्षांत, म्हणजे बरोबर अर्ध्या शतकाने, ते परत आले. १९ मे २०१२ च्या रात्री म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात ८८ व्या मिनिटाला आमच्या द्रोग्बाने हेडर मारून गोल केला, तेव्हा मी ठाण्याच्या घरात तोंडात उशी कोंबून ओरडलो होतो, कारण शेजारच्या खोलीत आजारी वडील झोपले होते. पेनल्टी संपेपर्यंत तेच उठून माझ्याशेजारी येऊन बसले. तो पैसा कुठून आला, हे मी तेव्हा विचारले नाही आणि आजही विचारणार नाही.

वैद्यबुवा :
‘इतरांना कोणी अडवले होते’ हे वाक्य वाचून चहा कडू झाला. १९९३ मध्ये मी रशियात वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या वसतिगृहाच्या दाराशी बसणाऱ्या आजींकडे सरकारने दिलेले दहा हजार रूबलचे खासगीकरणाचे व्हाउचर होते. चहाच्या डब्यात, घडी घालून ठेवलेले. देशाच्या मालमत्तेतला तुमचा वाटा, असे त्यांना दूरदर्शनवर सांगितले गेले होते. एका सकाळी मेट्रोच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी ते विकले आणि साखर, रवा व एक सॉसेज घेऊन आल्या. रवा त्यांनी मलाही दिला. सर्वांसमोर झालेल्या त्या लिलावाचे आमंत्रण आजींना आले नसावे.

निळाबावटा :
आजींविषयी आदर आहे, पण त्यांचे व्हाउचर अब्रामोविच यांनी घेतले नव्हते! रशियाच्या अतिपूर्वेकडील चुकोटका प्रांताचे गव्हर्नर असताना त्यांनी स्वतःच्या खिशातून तेथे शाळा आणि रुग्णालये उभारली, हे मात्र येथे कोणी लिहिणार नाही.

निनाद२२ :
लिहितो ना. सिबनेफ्तचे तेल विकणाऱ्या उपकंपन्या करसवलतीसाठी त्याच चुकोटकात नोंदवल्या होत्या, हेही सोबत लिहितो.

कोर्टकचेरी :
बेरेझोव्स्की यांनी लंडनच्या न्यायालयात अब्जावधी डॉलरचा दावा लावला आणि २०१२ मध्ये ते हरले, त्यामुळे अब्रामोविच निर्दोष ठरले अशी समजूत दिसते. त्यांचा बचाव काय होता? बेरेझोव्स्की भागीदार नव्हते, आपण त्यांना ‘क्रिशा’साठी, म्हणजे राजकीय छप्परासाठी, पैसे देत होतो! असो. मला खरा रस चेल्सी पिच ओनर्समध्ये आहे. चेल्सीच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानाची जमीन आणि क्लबचे नाव या चाहत्यांच्या कंपनीकडे आहे. क्लबने मैदान सोडले तर नावही सोडावे लागते. ऑक्टोबर २०११ मध्ये क्लबने ती जमीन परत मागितली, त्यासाठी ७५ टक्के मते हवी होती आणि मिळाली ६१.६.

निनाद२२ :
म्हणजे रशियात जे कोणाला जमले नाही, ते शंभर पौंडांचा समभाग घेतलेल्या प्लंबर आणि शिक्षकांना जमले.

निळाबावटा :
प्लंबर आणि शिक्षक म्हणे! त्यांच्या हट्टामुळे आम्ही अजून सुमारे चाळीस हजारांच्या मैदानात अडकलो आहोत.

वैद्यबुवा :
मग २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे ब्रिटनचे निर्बंध लागून मालकाला अडीच अब्ज पौंडांना क्लब विकावा लागला, तेव्हा जमीनही त्यांच्याच नावावर असती तर बरे झाले असते का?

निळाबावटा :
विषय बदलू नका. त्या विक्रीतला एक पैसाही त्यांना मिळालेला नाही, शिवाय क्लबला दिलेले दीड अब्जांचे कर्जही त्यांनी सोडून दिले.

कोर्टकचेरी :
प्रश्न साधा आहे. २०११ मध्ये तुमच्याकडे एक समभाग असता, तर मत कोणाला दिले असते?

निळाबावटा :
विरोधात. आता तिघांनी मिळून पेढे वाटा.