सेट म्हणजे बसवणं, लावणं की धरणं?

मंडळी, आज एक अगदी रोजचा शब्द घेऊन आलोय, सेट. झालं असं की डिसेंबरात मामांकडे नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतला गेलो होतो, द्राक्षाची बाग फुलोऱ्यातून बाहेर पडून घडावर मणी दिसायला लागले होते आणि मामा खुशीत म्हणाले, यंदा सेटिंग एक नंबर झालंय. माझी नववीतली मुलगी सोबत होती, तिने विचारलं बाबा कसली सेटिंग, मोबाईलची का? मामांनी तिला घडाजवळ नेऊन दाखवलं की फुलाची टोपी गळते, मग जे मणी टिकून वाढीला लागतात ते सेट झाले आणि बाकीची गळ. तेवढ्यात मामी म्हणाली, आम्ही तर मणी धरले असंच म्हणायचो बाई, सेटिंग हे शेतीच्या औषधांच्या दुकानातून आलं. परत येताना गाडीत मुलगी म्हणे, शाळेत सेट म्हणजे संच शिकवलाय, मग द्राक्षाचा आणि संचाचा संबंध काय? तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय.

तर संबंध मुळात नाहीये. इंग्रजीत सेट हे दिसायला एक पण आतून दोन शब्द आहेत. क्रियापद जुन्या इंग्रजीतलं, सिट म्हणजे बसणं आणि त्याचं प्रयोजक रूप सेट म्हणजे बसवणं, आपल्याकडे पडणं-पाडणं आहे तसं त्यांच्याकडे फॉल-फेल, राइज-रेझ, लाय-ले आणि सिट-सेट. संचवालं नाम मात्र लॅटिन सेक्ता, मग जुनी फ्रेंच, असा प्रवास करत आलं, सेक्ट म्हणजे पंथ हा त्याचाच भाऊ. पुढे दोघांचे उच्चार एक झाले आणि अर्थही एकमेकांत मिसळले. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सेट या नुसत्या क्रियापदाचेच ४३० अर्थ नोंदवलेत, म्हणजे हा शब्द एका मराठी शब्दात मावणार नाही हे आधीच मान्य करून टाकू.

आणि मला खूप आवडलेली गोष्ट, ते सिट आणि आपलं संस्कृत सद् हे एकाच मुळाचे. संसद, परिषद, उपनिषद, सदन, सभासद, सगळीकडे तोच बसण्याचा धातू. पण आपलं बसणं मात्र त्यातलं नाही हं, ते उपविश् मधून आलंय, म्हणून जुन्या मराठीत बैसणे.

आता खरा मुद्दा, मराठीत सेटला काय म्हणायचं. मी आठवडाभर कानावर पडेल ते वहीत लिहून ठेवलं आणि मला वाटतं मुख्य काम दोन क्रियापदं करतात, बसवणं आणि लावणं, आणि ती अजिबात अदलाबदल करून चालत नाहीत. सराफ बाजारात खडा कोंदणात बसवतात, निखळलेलं हाड बसवतात, फरशी बसवतात, विहिरीवर मोटर बसवतात, गणपती बसतात, घट बसतात, नाटक बसवतात, विस्कटलेले केस पाणी लावून बसवतात. पण गजर लावतात, सापळा लावतात, आग लावतात, गाण्याला चाल लावतात, विरजण लावतात. इंग्रजीत दोन्हीकडे बऱ्याच ठिकाणी सेट. फरक असा दिसतो की वस्तू तिच्या जागी ठेवायची आणि ती तिथेच घट्ट राहायला हवी तर बसवणं, आणि आपण फक्त सुरुवात करून द्यायची, पुढचं काम ती गोष्ट आपली आपण करणार असेल तर लावणं. गजर सकाळी वाजतो, दूध रात्रभरात दही होतं, आग पसरते, झाडसुद्धा आपण लावतो आणि वाढतं ते. चाल लावणं यात नीट बसतं का याची मला शंका आहे, पण गाणं एकदा चालीत गेलं की लोकांच्या तोंडी आपलं आपण फिरतं असं म्हटलं तर बसेल कदाचित.

तिसरा गट आपोआप होणाऱ्या गोष्टींचा, आणि इथे मराठी इतकी श्रीमंत आहे की सगळीकडे सेट झालं ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. दही लागतं, तूप थिजतं, पाणी गोठतं, मणी धरतात, कैरी धरते, सूर्य मावळतो, आणि जुलैत गंगापूर धरणाच्या बाजूला पावसाची झड लागते. परवा एका ओळखीच्या घरी दही सेट झालं नाही अजून असं ऐकलं, त्या घरात पूर्वी दही लागलं का गं असंच विचारायचे. एवढा जवळचा शब्द आपण कशासाठी सोडतोय?

नाम असलेल्या सेटचंही तेच, संच हा शब्द शाळेत आणि प्रश्नपत्रिकेत ठीक, पण घरात कोणी भांड्यांचा संच काढ म्हणत नाही. त्याला वस्तूप्रमाणे शब्द आहेत, बांगड्यांचा चुडा, किल्ल्यांचा जुडगा, मडक्यांची उतरंड, पत्त्यांचा कॅट, आणि दातांचा अख्खा सेट म्हणजे कवळी! टीव्हीचा सेट, शूटिंगचा सेट, टेनिसचा सेट हे मात्र तसेच राहू द्यावेत, ओढूनताणून मराठी करण्यात अर्थ नाही. आणि प्राध्यापक होण्यासाठीची सेट परीक्षा ही वेगळीच, ती आद्याक्षरं आहेत, तिला यात घेऊ नका.

भाषांतर करणाऱ्यांनी एक सांभाळा. वरच्या कोर्टाने खालचा आदेश सेट असाइड केला म्हणजे तो रद्द ठरवला, बाजूला ठेवला असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं नंतर बघणार आहेत. पेपर सेट करणं म्हणजे पेपर काढणं, टेबल सेट करणं म्हणजे पानं मांडणं, तारीख सेट करणं म्हणजे ठरवणं, लग्नाची असेल तर तारीख काढणं.

मग सेट मराठीत नकोच का? तसं मी म्हणणार नाही. कॉलेज रोडवरचा पोरगा सगळं सेट आहे म्हणतो तेव्हा जुळून आलंय, काळजी नाही, तयारी झालीय हे तिन्ही एकदम सांगतो, ते आता मराठीच झालंय. त्याची आत सेटिंग आहे यासाठी मात्र आपल्याकडे लागेबांधे, साटंलोटं, संधान, वशिला असे चार शब्द आहेत आणि चारींची छटा वेगळी, संधान बांधावं लागतं, वशिला लावावा लागतो, इथेही परत लावणं आलंच बघा.

एका ठिकाणी मी अडलोय. पाथर्डी फाट्याला भावाच्या घराचा स्लॅब टाकला तेव्हा मिस्त्री सारखे म्हणत होते, माल सेट व्हायच्या आत उरका. साध्या पोर्टलंड सिमेंटला घट्ट व्हायला सुरुवात होण्याआधी निदान ३० मिनिटं मिळाली पाहिजेत असं मानक आहे, म्हणजे त्यांची घाई बरोबरच होती. पण या सेटला काय म्हणायचं? थिजणं नाही, गोठणं नाही, वाळणं तर मुळीच नाही, कारण सिमेंट वाळून नाही तर पाण्याशी क्रिया होऊन घट्ट होतं, म्हणून तर नंतर त्यावर पाणी मारत राहावं लागतं. मामीला फोनवर विचारलं तर ती लगेच म्हणाली, धरलं म्हण की, मणी धरतात तसं सिमेंट धरतं. मला पटलंय. सिन्नर, येवला, कळवण, मालेगावकडचे जे कोणी बांधकामात आहेत त्यांनी सांगा, तुमच्याकडे मिस्त्री काय म्हणतात?