भाड्याच्या गाळ्यात गिरण टाकतेय. भाटकार (घरमालक) म्हणतो "तुका जाय तशें कर" (तुला हवं तसं कर), पण लिहून देत नाही

कुर्टीची सून

गोव्यात, फोंड्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका जुन्या घराचा पुढचा गाळा मिळतोय. चिऱ्यांच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, खाली कोबा. पिठाची गिरण (साडेसात एचपी) आणि मसाल्याचं कांडप (पाच एचपी) टाकायचं आहे. त्यासाठी तीन फेज, यंत्रांखाली काँक्रीटचा ओटा, मागच्या भिंतीत एक्झॉस्टसाठी भोक, पुढे शटर आणि कौलांखाली फॉल्स सिलिंग, एवढी कामं निघालीत. सगळं मिळून चार लाखांच्या आसपास जातं.

करार ११ महिन्यांचा. दुरुस्तीचं दोन ओळीत लिहून द्या म्हटलं की भाटकार हसतात, "कागद कित्याक (कशाला)?" माणूस वाईट नाही, आमच्या सासऱ्यांच्या ओळखीतला आहे. दीर म्हणतो, काम सुरू कर, एप्रिल-मेमध्ये बायका सुक्या मिरच्या घेऊन रांग लावतात, तो हंगाम हुकला तर पावसात नुसत्या गव्हावर बसावं लागेल. तेही खरंच. काय करू?

वायरमन काका

ताई, ओटा-शटर राहू दे, आधी वीज बघ. साडेबारा एचपी म्हणजे मोटरांचेच सव्वानऊ किलोवॅट, वर दिवे-पंखे. घरगुती मीटरवर हे चालत नाही. धंद्याचं वेगळं कनेक्शन वीज खात्याकडे मागावं लागेल आणि अर्जाला मालकाचा ना हरकत दाखला लागेल. आता सांग, कागद कित्याक म्हणणारा माणूस हा दाखला देणार का? डिपॉझिट द्यायच्या आधी त्याच्यासमोर अर्ज ठेव. सही झाली तर पुढे जा, नाहीतर गाळा कितीही मोक्याचा असो, सोड.

ओट्याचं म्हणशील तर तो भिंतीला टेकवू नको, मधे फट ठेव आणि यंत्राखाली रबरी पॅड घाल. शाफ्टचा ब्रॅकेट चिऱ्यात ठोकलेला मी बघितलाय. रोजच्या थरथराटाने सांधे मोकळे होतात, मग मालकाशी भांडण ठरलेलंच.

म्हापशेकार

तुमचे भाटकार कागदाला का बिचकतात, ते सांगतो. गोव्यात १९६८ चा भाडे-नियंत्रण कायदा आहे, मुंडकार कायदाही (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांना संरक्षण देणारा) आहे. एकदा बसलेला माणूस उठत नाही, ही धास्ती जुन्या मालकांच्या मनात पक्की असते. लीव्ह अँड लायसन्स केलं तरी १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम ६० म्हणतं की परवान्याच्या भरवशावर कुणी खर्च करून कायमचं बांधकाम केलं, तर तो परवाना मालकाला मनात येईल तेव्हा रद्द करता येत नाही. वकिलाने हे त्यांच्या कानावर घातलं असेल, तर लिहून न देणं समजण्यासारखं आहे.

म्हणून मागणी उलटी करा. 'परवानगी द्या' म्हणू नका. 'मी काहीही कायमचं बांधणार नाही, शटर आणि यंत्रं माझी, जाताना काढून नेईन, भिंतीचं भोक बुजवून देईन' असं तुम्हीच लिहून न्या. सोबत साधा नकाशा आणि आजचे फोटो. असल्या कागदावर सही करायला मालक एवढा कचरत नाही, कारण त्यात त्याचीच राखण आहे.

मुदत मात्र तीन वर्षांची मागा. चार लाख घालून ११ महिन्यांवर बसणं मला तरी पटत नाही. एका वर्षावरचा भाडेपट्टा सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावाच लागतो, तो खर्च आताच हिशेबात धरा.

आणि एक-चौदा (जमिनीचा उतारा) काढून बघा. घर वडिलोपार्जित असेल तर भाऊ-बहिणींची नावं निघतात. आपल्याकडे नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक, त्यामुळे भाटकारणीचीही सही घ्या. मुंबईहून भाऊ चतुर्थीला येतो आणि बंद गिरणीपुढे उभा राहून 'हें कोणें केलें?' विचारतो, असले प्रकार घडतात हो.

शाकारणीवाला

फॉल्स सिलिंग करूच नका. कौलं आणि सिलिंगच्या मधे उंदीर राहायला येतील, तेही पिठाच्या दुकानात! वर गळतंय कुठे, तेही कळणार नाही. उघडे वासे बरे. वाळवी लागलेले वासे-रिपा आताच बदलून घ्या. दर मे महिन्यात शाकारणी कोणाच्या खर्चाने, हेही करारात घाला. भिंतींना प्लायवूड लावू नका, जुलैत चिरा ओल धरतो. लोखंडी रॅक भिंतीपासून वीतभर दूर ठेवा.

कुर्टीची सून

सिलिंग रद्द, तेवढे पैसे वाचले. ना हरकतीचा अर्ज आणि 'काढून नेईन'वाला कागद घेऊन रविवारी सासऱ्यांसोबत जाते. भाटकारीणही घरी असेल. काका, मागची भिंत शेजाऱ्यांच्या परसाकडे आहे. मिरचीचा ठसका तिकडे जाणार, म्हणून एक्झॉस्टचा पाइप कौलांच्या वर काढला तर मोटर किती मोठी लागेल?

वायरमन काका

मोटर मग ठरवू. पाइपला वळणं किती येतात त्यावर आहे. मागच्या भिंतीचा आणि छपराचा फोटो टाक. आणि भोक पाडायच्या आधी पंचायतीत विचारून घे, शेजाऱ्यांची तक्रार पहिली तिथेच जाते.