आशा भोसले यांचा आवाज नेमका कुठे ओळखावा : चित्रपटगीतांत की इतरांच्या सहयोगाने केलेल्या संग्रहांत?

कानसेन :
आशा भोसले यांच्या गाण्याविषयी बोलताना आपण चित्रपटगीतांच्या यादीपाशी थांबतो आणि 'अष्टपैलू' म्हणून मोकळे होतो. या विशेषणाने त्यांच्यावर अन्याय होतो असे मला वाटते, कारण प्रत्येक शैलीसाठी त्यांनी वेगळा आवाज लावला असा अर्थ त्यातून निघतो. गुलाम अली यांच्याबरोबरचा 'मेराज-ए-ग़ज़ल' (१९८३), अली अकबर खाँ यांच्याबरोबरचा 'लेगसी' (१९९६) आणि क्रोनोस क्वार्टेट या तंतुवाद्य-चौकडीबरोबरचा 'यू हॅव स्टोलन माय हार्ट' (२००५) हे तीन संग्रह लागोपाठ ऐकावेत. एकात गझल आहे, दुसऱ्यात सरोदवादक अली अकबर खाँ यांच्या मैहर घराण्याच्या परंपरेतल्या बंदिशी आहेत, तिसऱ्यात राहुल देव बर्मन यांची गाणी व्हायोलिन आणि चेलोच्या संगतीत आली आहेत. साथ बदलते, वय वाढते, पण शब्द उच्चारण्याची रीत तीच राहते : पहिल्या अक्षरावर हलका आघात, पुढचा स्वर सैल सोडलेला आणि ओळ संपताना श्वासाचा थोडासा अंश मुद्दाम ऐकू दिलेला. हा आवाज ओळखायचा तर तो या संग्रहांतच ओळखावा, असे माझे मत आहे.

षड्ज :
मी असहमत आहे. आपण ज्याला त्यांचा आवाज म्हणता, तो बऱ्याच अंशी संगीतकारांनी घडवलेला आहे. १९८१ च्या 'उमराव जान'साठी खय्याम यांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावले, आणि त्या गायनासाठी त्यांना पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तोपर्यंत कित्येक वर्षे त्यांचे गाणे ऐकत असलेल्या लोकांनाही त्या गळ्याचा हा पोत नवा वाटला. संगीतकाराच्या एका निर्णयाने जर एवढा फरक पडत असेल, तर शब्दोच्चाराच्या एका रीतीवर सगळे श्रेय कसे ठेवता येईल? शिवाय क्रोनोसचा संग्रह जुन्याच चालींचा आहे. तिथे आपण आवाज ऐकत असतो की त्या गाण्यांची आठवण, हे आधी तपासायला हवे.

कानसेन :
खय्याम यांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. पट्टी खाली आली, वरच्या स्वरांतली चमक गेली, आणि तरीही पहिल्या ओळीत गायिका कोण हे कळते. खालच्या पट्टीने फक्त आवाजावरचे तेज उतरवले, आणि त्याखाली जे होते ते उघडे पडले. मात्र जुन्या चालींविषयीचा आपला मुद्दा मला मान्य आहे. त्या संग्रहावर विसंबून मी घाईने निष्कर्ष काढायला नको होता.

भावगीतप्रेमी :
आपण दोघेही मराठी गाणी विसरत आहात, याचे मला खरोखर वाईट वाटते. सुरेश भटांच्या 'तरुण आहे रात्र अजुनी'ला हृदयनाथ मंगेशकरांनी दिलेली चाल गायिकेला लपायला जागाच देत नाही. त्यातला 'राजसा' हा शब्द ऐका : हाक आहे, पण ती कुशीतल्या माणसाला ऐकू जाईल एवढीच आहे. याच गळ्याने दीनानाथांची नाट्यपदेही गायली आहेत आणि 'ऋतु हिरवा'मध्ये श्रीधर फडके यांच्या चालीही. नाट्यपदांत तान आहे, फेक आहे, भावगीतांत दोन्ही आवरलेले आहेत. ज्याला केवळ संगीतकाराचे श्रेय द्यायचे आहे, त्याने ही नाट्यपदे आणि भावगीते एकापाठोपाठ ऐकून मग बोलावे.

षड्ज :
आपल्या सांगण्यावरून ती ऐकली. नाट्यपदांविषयी माझे मत बदललेले नाही. तिथे वडिलांच्या गायकीची छाया इतकी गडद आहे की वेगळेपण शोधावे लागते. 'मेराज-ए-ग़ज़ल'मध्येही हरकती गुलाम अलींच्या आहेत आणि आशाताई त्यांच्या पावलावर पाऊल टाकतात. पण 'मेरा कुछ सामान' ऐकताना मला थांबावे लागले. गुलजारांची ती कविता यमकाविना लिहिलेली आहे, त्यामुळे चालीला टेकायला ठरावीक जागा मिळत नाही, आणि ओळीचा तोल गायिकेलाच सांभाळावा लागतो. १९८७ च्या 'इजाज़त'मधले मूळ गाणे आणि सत्तरी ओलांडल्यानंतर क्रोनोसबरोबर गायलेले तेच गाणे मी शेजारी ठेवून ऐकले. नंतरच्या ध्वनिमुद्रणात स्वर जाड झाला आहे, दमही पूर्वीइतका पुरत नाही, पण ओळ कुठे तोडायची हे अजूनही त्याच ठरवतात. संगीतकाराचे श्रेय मी मागे घेत नाही. एवढेच म्हणतो की या गाण्यात ओळ तोडण्याची जागा बर्मन यांनी दाखवली की आशाताईंनी शोधली, हे मला आता खात्रीने सांगता येत नाही.