मदत हवी आहे: लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता पुस्तकापेक्षा कमी का येते?

धागाकर्ती

नमस्कार. दहावीतल्या लेकीसाठी लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता (१ ग्रॅम पदार्थ १ अंशाने तापवायला लागणारी उष्णता) मोजायला घरीच मिश्रण पद्धतीचा, म्हणजे गरम लोखंड गार पाण्यात सोडण्याचा प्रयोग मांडलाय. गाव पुणे.

साहित्य: वाण्याकडचं २०० ग्रॅमचं षट्कोनी लोखंडी वजन, १०० ग्रॅमचा स्टीलचा पेला, त्यात २०० ग्रॅम पाणी, १ अंश लघुतम मापाचा (म्हणजे १ अंशाहून बारीक खुणा नसलेला) साधा तापमापी. वजन दोऱ्याने बांधून उकळत्या पाण्यात १० मिनिटं ठेवलं, बाहेर काढून फडक्याने टिपलं आणि पेल्यातल्या २८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात सोडलं. तापमान ३४ अंशांवर थांबलं.

गणित: पाण्याने घेतलेली उष्णता २०० × १ × ६ = १२०० कॅलरी. लोखंड १०० वरून ३४ वर आलं, म्हणजे ६६ अंश उतरलं. १२०० ÷ (२०० × ६६) = ०.०९१. पुस्तकात ०.११ आहे. चूक कुठे होतेय?

आणि लेकीचा प्रश्न: लोखंड ६६ अंश उतरलं, पाणी ६ च अंश चढलं, दोघांचं वस्तुमान सारखंच. मग मधले ६० अंश गेले कुठे? मला तिला पटेल असं उत्तर देता आलं नाही.

प्रतिसाद १

ताई, आधी लेकीचा प्रश्न घेते, कारण तो पक्का झाला की बाकीचं गणित आपोआप सुटतं.

अंश कुठे जात नाहीत, कारण ते लोखंडातून निघून पाण्यात शिरलेलेच नसतात. जाते ती उष्णता, म्हणजे ऊर्जा, आणि ती कॅलरीत किंवा ज्यूलमध्ये मोजतात. तापमान फक्त एवढंच सांगतं की उष्णता कुठून कुठे वाहणार आणि कधी थांबणार. दोघांचं तापमान सारखं झालं की प्रवाह थांबतो. तोवर लोखंडाने जेवढ्या कॅलरी सोडल्या तेवढ्या पाण्याने आणि पेल्याने मिळून घेतल्या. उष्णता विनिमयाचं तत्त्व कॅलरींची बेरीज जुळवतं, अंशांची नाही.

तिला हे आकडे करून दाखवा. १ ग्रॅम पाणी १ अंशाने तापवायला १ कॅलरी लागते, १ ग्रॅम लोखंडाला ०.११. म्हणजे उष्णतेच्या हिशेबात तुमचं २०० ग्रॅम लोखंड हे फक्त २२ ग्रॅम पाण्याच्या बरोबरीचं आहे. उकळतं २२ ग्रॅम पाणी २८ अंशाच्या २०० ग्रॅम पाण्यात ओतलं तर पेला किती तापेल, हा अंदाज ती लगेच बरोबर बांधेल.

उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या राशी आहेत हे शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅकने १७६० च्या सुमारास ग्लासगोत स्पष्ट केलं. त्याआधी भले भले याच ठिकाणी अडखळत होते, म्हणून तिचा प्रश्न अजिबात बाळबोध नाही.

प्रतिसाद २

आता आकड्यांकडे. तुमच्या प्रयोगात उत्तर खाली खेचणाऱ्या गोष्टी ओळीने सांगतो.

पेला हिशेबात धरलेला नाही. स्टीलचे ०.१२ धरले तर १०० ग्रॅमचा पेला म्हणजे १२ ग्रॅम पाणी. घेतलेली उष्णता २१२ × ६ = १२७२ कॅलरी, उत्तर ०.०९६.

पुण्यात पाणी १०० ला उकळत नाही. समुद्रसपाटीपासून साधारण दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू १ अंशाने उतरतो. पुणे सुमारे ५६० मीटरवर, म्हणून ९८ धरा. लोखंडाची घट ६४ अंश, उत्तर ०.०९९.

उरलेली तूट मुख्यतः ओल्या वजनामुळे. गरम कोरडं लोखंड ५-१० सेकंद हवेत राहिलं तर अर्धा अंशही उतरत नाही. पण ओलं असेल तर त्यावरचं पाणी वाफ होऊन जातं, आणि प्रत्येक ग्रॅमला सुमारे ५४० कॅलरी अप्रकट उष्मा (तापमान न वाढवता नुसती वाफ करणारी उष्णता) लागतो. नुसतं ०.२ ग्रॅम पाणी उडालं तरी १०८ कॅलरी गेल्या. त्यातल्या बहुतेक लोखंडातून आल्या तर २२ ने भागून वजन जवळजवळ ५ अंश थंड! गार फडकं लावलं की आणखी थोडी उष्णता त्यात जाते. न टिपता टाकलं तर चूक उलटी होते: सोबत गेलेलं १ ग्रॅम उकळतं पाणी ९ ग्रॅम लोखंडाइतकी उष्णता घेऊन येतं आणि उत्तर वर जातं.

आणि ते वजन उलटं करून बघा. तळाला खळगा असतो, त्यात शिसं भरून वैधमापनाचा शिक्का मारलेला असतो. शिशाची विशिष्ट उष्माधारकता जेमतेम ०.०३, म्हणजे तुम्ही शुद्ध लोखंड मोजतच नाही आहात. खळग्यात पाणीही अडकतं. हे वजन या प्रयोगाला वापरू नका.

धागाकर्ती

बघितलं, खरंच शिशाचा ठिपका आहे! मग काय वापरू? आणि तापमापी बदलायला हवा का?

प्रतिसाद २

एक इंची साधे खिळे ३०० ग्रॅम घ्या. छोट्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात कोरडेच भरा, डबा उकळत्या पाण्यात अर्धा बुडवून ठेवा, पाणी आत जाता कामा नये. १५-२० मिनिटं लागतील, कारण खिळ्यांमधली हवा उष्णता सावकाश पोचवते. तापमापी खिळ्यांत खुपसून आकडा स्थिर झाला की तोच घ्या, ९८ गृहीत धरू नका. बहुधा ९५-९६ मिळेल.

पेल्यात पाणी १५० ग्रॅमच ठेवा. पेला थर्माकोलच्या तुकड्यावर, भोवती कापूस, वर पुठ्ठ्याचं झाकण. खिळे झटकन ओता, पाणी बाहेर उडू देऊ नका. हळू ढवळत राहा आणि चढलेलं सर्वांत जास्त तापमान टिपा. तापमापीचा फुगा खिळ्यांना टेकलेला नसावा. खिळे ९६ ला आणि पाणी २८ ला असेल तर शेवटचं तापमान ३९.५ च्या आसपास यायला हवं.

ही साडेअकरा अंशांची वाढ फार महत्त्वाची. तुमच्या आधीच्या प्रयोगात वाढ फक्त ६ अंश होती. १ अंशाच्या तापमापीवर प्रत्येक वाचनात अर्धा अंश इकडेतिकडे होतो, म्हणजे वाढ खरं तर ५ ते ७ मधली काहीही. त्यातून उत्तर ०.०८२ पासून ०.११७ पर्यंत कुठेही येऊ शकतं. ०.१ अंश दाखवणारा तापमापी मिळाला तर उत्तमच, पण आधी बर्फ-पाण्याच्या मिश्रणात तो ० दाखवतो का ते तपासा.

प्रतिसाद ३

वाढ जास्त घेतली की पेल्यातून खोलीत जाणारी उष्णताही वाढते. त्यावर काउंट रम्फर्ड या जुन्या शास्त्रज्ञाची युक्ती: पाणी खोलीपेक्षा वाढीच्या निम्म्याने थंड घेऊन सुरुवात करायची, इथे सुमारे ६ अंश. पूर्वार्धात पेला खोलीकडून उष्णता घेतो, उत्तरार्धात देतो, आणि बरीचशी भरपाई होते.

मात्र पावसाळ्यात ही युक्ती वापरू नका, आम्हा कोकणवाल्यांनी तर नकोच. खोली २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्याखाली दव धरतं ते तापमान, सुमारे २६ असतं. २२ अंशाच्या पेल्यावर बाहेरून दव धरतं, आणि फक्त ०.१ ग्रॅम दवाने ५८ कॅलरी पेल्याला मिळतात. उत्तर ३ टक्क्यांनी फुगतं. पेला बाहेरून कोरडा आहे ना, बोट फिरवून बघा.

लेकीने पुढे विचारलंच की लोखंडाला इतकी कमी उष्णता का पुरते, तर तिला अणुभार वापरायला सांगा. लोखंड ०.११ × ५६, तांबं ०.०९३ × ६३.५, शिसं ०.०३१ × २०७, अॅल्युमिनिअम ०.२१५ × २७. सगळीकडे ६ च्या जवळपास येतं. हे ड्युलाँ आणि पेती या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८१९ मध्ये दाखवलं. दर अणूमागे लागणारी उष्णता जवळपास सारखीच, पण अणू जड असले की १ ग्रॅममध्ये ते कमी मावतात.

धागाकर्ती

मनापासून आभार. खिळे आजच आणते. प्रयोगवहीत मात्र ०.११ लिहायचं की जे येईल ते?

प्रतिसाद १

जे येईल तेच. सोबत पेल्याचं वस्तुमान, खिळ्यांचं मोजलेलं तापमान आणि तापमापीचं लघुतम माप लिहू दे. ०.१०५ आलं आणि तापमापी १ अंशाचाच असेल, तर ते ०.११ शी पूर्ण जुळणारं उत्तर आहे.