मदत हवी आहे : हाय रूफ ट्रॅव्हलर रेल्वेच्या पुलाखालून जाईल का? परवा निघायचंय

दुधनाकाठ :
नमस्कार मंडळी. दोन महिन्यापूर्वी जुनी ट्रॅव्हलर घेतली, हाय रूफ. परवा पहाटं घरचे सगळे घेऊन घृष्णेश्वर आन भद्रा मारुतीला जायचंय, नवी सूनबाई हाय, आई म्हणते देवदर्शन झाल्याबिगर माहेरी पाठवायची नाही. सेलूकडं निघायला रेल्वेखालचा नवा बोगदा हाय, आमचं फाटक बंद केलं आन बोगद्याच्या तोंडाला लोखंडी कमान ठोकून ठिवली. दुसऱ्या फाटकाकडून जायचं तर 14 किलोमीटरचा फेरा. गाडी जाईल का नाही तेवढंच सांगा. आन पुढं दौलताबादच्या रस्त्यावरच्या जुन्या दरवाजातून निघंल का. लवकर सांगा, घरचे सारखे विचारायलेत.

बालाघाटी :
उंची किती?

दुधनाकाठ :
17 सीटर हाय.

बालाघाटी :
अहो उंची विचारली, सीटा नाही. जमिनीपासून टपापर्यंत किती? आन कमानीवर काय लिहिलंय? लाल गोल असतो बघा, वर-खाली काळे त्रिकोण आन मधी आकडा.

दुधनाकाठ :
आरसी बघितली, त्याच्यात उंची कुठंच नाही. कमानीवर 3.0 मी. लिहिलंय. ज्याच्याकडून गाडी घेतली तो म्हणतो कंपनीची उंची 2.6 च्या आसपास हाय. म्हणजे जाईलच ना मग?

डिझेल_डोकं :
आरामात जाईल, टेन्शन नका घेऊ. फारच घासायलं तर चारी चाकातली हवा कमी करा, माझ्या मेव्हण्यानं कडब्याचा टेम्पो असाच काढला होता. बाकी मायलेज किती देते? कितीला पडली? मी पण बघायलोय एखादी.

एसटीचा_जुना_गडी :
हवा सोडायचा सल्ला देणाऱ्याच्या हातात स्टेअरिंग देऊ नका. हवा सोडून इंच-दीड इंच मिळतो, आणि तशा चाकांवर सतरा माणसं बसवून पंपापर्यंत गाडी चालवली की टायरची बाजू चिरते. हवा सोडतात ती अडकलेली गाडी मागं काढायला, घुसायला नाही. मी 31 वर्षं एसटी चालवली. दुधनाकाठ, कंपनीचा आकडा नुसत्या पत्र्याचा असतो. टपावर एसीचं खोकं आहे का? कॅरियर आहे का?

दुधनाकाठ :
हे काय विचारायचं का, एसी हाय, कॅरियर बी हाय, त्याच्यावर सामान असणारच. नाहीतर सामान ठिवायचं कुठं. गेल्या हप्त्यात लग्नाचे पाव्हणे घेऊन ह्याच बोगद्यातून गेलो होतो, जाताना मस्त गेली, येताना रिकामी होती तर कर्रर्रकन घासली आन कॅरियर एका बाजूनं वाकलं. म्हणूनच विचारायलो.

बालाघाटी :
कामून आधी सांगत नाही राव! हेच पहिल्या ओळीत लिहायचं का नाही.

डिझेल_डोकं :
भरलेली गेली आन रिकामी घासली? उलटं काहीतरी सांगायलेत. भरलेल्या गाडीवर सामान जास्त म्हणजे उंची जास्त.

एसटीचा_जुना_गडी :
उलटं काही नाही. माणसं बसली की पाटे दबतात, उतरली की गाडी उचलते. मी स्वतः मोजलंय, मागच्या बाजूला दीड-दोन इंचाचा फरक पडतो. लोक अडचणीच्या जागी "उतरा, उतरा" करून गाडी हलकी करतात आणि टप आणखी वर आणतात. आता बोगद्याचं बघा. उतार संपून चढ लागतो तिथं पुढची चाकं चढावर असतात, मागची अजून उतारावर, मधला भाग रस्त्यापासून अधांतरी राहतो. सपाट जागी मोजलेली उंची तिथं कामाची नाही, लांब गाडीला जास्तच नडतं. आणि पावसाळ्यानंतर खाली चिखल बसलेला असतो, तो कुणी उपसत नाही, बोर्डावरचा आकडा मात्र तोच राहतो.

मिस्त्री_परतूर :
मोजायची पद्धत सांगतो, टेप हातानं वर धरून अंदाज नका घेऊ, सगळे तिथंच चुकतात. सपाट फरशीवर गाडी लावा, रिकामी, हवा पूर्ण. प्लास्टरवाल्याची लांब सरळ पट्टी सर्वात उंच जागेवर आडवी ठेवा, तिच्यावर लेव्हल ठेवा, आन पट्टीच्या बाहेर आलेल्या टोकापासून खाली टेप सोडा. तो आकडा. मग वेळू घ्या, त्या मापाचा अधिक चार इंच कापा, आन कमानीखाली तीन जागी उभा धरा, डावीकडं, मधी, उजवीकडं. वेळू कुठंच टेकला नाही तरच गाडी न्या.

देवगिरीप्रेमी :
दौलताबादचं कुणीच सांगत नाहीये म्हणून लिहितो. यादवांची देवगिरी, 1327 ला मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून राजधानी इथे आणली. आपल्याकडचे दरवाजे बुटके नाहीत, अंबारीसकट हत्ती जातील असे बांधलेत. संभाजीनगरचा भडकल दरवाजा बघा, मलिक अंबरने 1612 मध्ये बांधलेला, त्याखाली तुमची ट्रॅव्हलर खेळणं वाटेल.

बालाघाटी :
हत्तीच्या डोक्यावर एसी नव्हता. आन कमान मधी उंच असते, कडेला उतरती. समोरून बस आली की तुम्ही कडेला सरकणार, मग कोपरा गेलाच. एका वेळी एकच गाडी निघते तिथं, रविवारी तर रांगच रांग. जाऊच नका तिकडून.

देवगिरीप्रेमी :
मान्य. पण सीताफळाच्या दिवसात तरी तिकडूनच जा, दौलताबादसारखं सीताफळ दुसरीकडं मिळत नाही.

बालाघाटी :
हे काय आता. बीडच्या सीताफळाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे महाराज, 2016 पासून. बालाघाटाच्या डोंगरातलं खाऊन बघा, मग बोला.

मिस्त्री_परतूर :
सीताफळावर वेगळा धागा काढा की राव.

नांदेडी_पोरगी :
सेलूहून मंठ्यावरून जालना, जालन्यात समृद्धी महामार्गाला लागा आणि माळीवाड्याला उतरा. तिथून कसाबखेडा, मग वेरूळ. दरवाजा लागतच नाही, आम्ही आजीला घेऊन असेच गेलो होतो. खुलदाबादला भद्रा मारुती करून परत वेरूळलाच खाली या, खुलदाबादहून सरळ शहराकडं निघालात की दौलताबादचा दरवाजा समोर उभा.

डिझेल_डोकं :
समृद्धीचा टोल कामून भरायचा? आन बोगद्याचं म्हणाल तर एक पोरगं टपावर बसवा, ते बघून सांगंल.

एसटीचा_जुना_गडी :
टपावर कुणालाही बसवू नका, कधीच. विजेच्या लाईनीवर फाटक लागलं तर वर 25 हजार व्होल्ट असतात, हात लागायचीही गरज नाही, जवळ गेलं तरी ओढते. खाली माणूस चालवा, तो पुढं आणि तुम्ही पहिल्या गिअरात त्याच्या मागं. आणि फेऱ्याच्या रस्त्यावरच्या फाटकाला घाबरू नका, तारा असलेल्या फाटकावरचा आडवा गेज 4.67 मीटरवर असतो, तुमची गाडी खालून सहज जाईल. बोगद्यावरची कमान मुद्दाम छताच्या आधी लावलेली असते, तुम्ही तिला ठोका म्हणजे रुळाखालच्या गर्डरला ठोकणार नाही. तीच कुणी ठोकून वाकवली असली तर रेल्वेच्या 139 नंबरला कळवा.

दुधनाकाठ :
मोजली. रिकामी 9 फूट 8 इंच.

नांदेडी_पोरगी :
म्हणजे 2.95 मीटर. 3.0 म्हणजे 9 फूट 10. दोनच इंच राहतात.

डिझेल_डोकं :
बघा, जाते की! मी काय म्हणत होतो.

दुधनाकाठ :
थांबा की. वेळू घेऊन आत्ता कमानीपाशी जाऊन आलो, पोरगं बॅटरी धरून. मधी 9 फूट 10 बरोब्बर. पण डाव्या बाजूला 9 फूट 6. उसाच्या ट्रॉल्यांनी ठोकून ठोकून कमान तिकडून खाली आलीय, जवळ जाऊन बघितलं तर रंग खरवडलाय आन माझ्या कॅरियरचा निळा रंग बी तिथंच लागलाय. मी येताना डाव्या अंगानंच घेतली होती, समोरून ट्रॅक्टर होता म्हणून.

मिस्त्री_परतूर :
कॅरियर काढा. ते काढल्यावर किती?

दुधनाकाठ :
एसीच्या खोक्यापर्यंत 9 फूट 3. म्हणजे डावीकडं तीनच इंच. गॅरेजवाला म्हणतो कॅरियर काढायला तासभर, चार बोल्ट गंजलेत. आन आईला सांगितलं सामान कमी करा तर ती म्हणते पुरणाचा डबा कमी करू का.

एसटीचा_जुना_गडी :
काढलं तरी माणसं बसलेलीच ठेवा, मधोमध घ्या, आणि पुढं माणूस चालवल्याशिवाय नको. मी असतो तर पहाटेच्या अंधारात 14 किलोमीटर फिरून गेलो असतो.

डिझेल_डोकं :
14 किलोमीटरला दोन लिटर डिझेल जाईल.

एसटीचा_जुना_गडी :
एसीचं खोकं कितीला येतं ते विचारा एकदा.

दुधनाकाठ :
जाऊन आलो मंडळी, दर्शन झालं. जाताना फेऱ्यानंच गेलो, समृद्धीवरून माळीवाडा, दरवाजाचा काही विषय आला नाही. येताना पोरं ऐकत नव्हती म्हणून बोगद्यातून काढली, कॅरियर नव्हतंच, थोरला भाऊ पुढं वेळू घेऊन चालायला, मागं दोन मोटारसायकलवाले हॉर्न वाजवायलेत, तरी घाई केली नाही. कुठं टेकली नाही. कमानीचं 139 ला फोन करून सांगितलं, नंबर लिहून घेतला. सीताफळं कसाबखेड्याच्या पुढं मिळाली, कुठली होती विचारलं नाही. आन कॅरियर आता अंगणात पडलंय, कुणाला पाहिजे असंल तर सांगा, एका बाजूनं वाकलंय तेवढंच.

डिझेल_डोकं :
कितीला देता?